खाजेचं माहात्म्य

सिल्लोड तालुक्याला अर्थशास्त्र कळत नाही असं ज्याला वाटतं, त्याने 2022-23चा कापसाचा हंगाम आठवावा. त्या वर्षी कापूस घरात होता. ओसरीत होता, माजघरात होता, देवघराच्या उंबऱ्याला टेकलेला होता. माणसं उरलेल्या जागेत राहत होती. उन्हाळा आला तशी घरोघरी अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं. मराठवाडा-खानदेशात त्याच्या बातम्या छापून आल्या. डॉक्टर सांगत, कापूस घराबाहेर काढा. लोक मलम घेऊन घरी येत आणि कापसाशेजारीच झोपत. एवढी निष्ठा हल्ली राजकारणातही दिसत नाही.

या निष्ठेमागे अनुभव होता. आदल्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 6,025 रुपये असताना बाजार दहा हजारांच्या वर गेला आणि उन्हाळ्यात तर बाराही ओलांडले. फक्त तोवर बहुतेकांनी आपला माल विकलेला होता. बारा हजार मिळाले ते ज्याने धरून ठेवला त्याला. त्यातून जो धडा निघाला तो पहिलीतल्या पोरालाही कळावा असा: जो विकतो तो मूर्ख. मग पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्याने मिळून शहाणं व्हायचं ठरवलं. सगळ्यांनीच धरून ठेवला तर तो कधीतरी सगळ्यांचाच एकदम बाहेर येईल, ही शंका कोणी काढली नाही. चारचौघांत अशा शंका काढणारा माणूस बरा दिसत नाही.

तिकडे जगात बरंच काही चाललं होतं. केंद्र सरकारने एप्रिल 2022 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काही महिन्यांसाठी काढून टाकलं. न्यूयॉर्कचा वायदा मे महिन्यात पौंडाला दीड डॉलरपर्यंत चढला आणि दिवाळीनंतर जवळजवळ निम्म्यावर उतरला. सुताला उठाव नव्हता. पण न्यूयॉर्कच्या गोष्टी न्यूयॉर्कला. गोळेगावच्या पारावर एकच आकडा होता, बारा हजार, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर रोज नव्याने येत होता. दहा जणांनी सांगितलेली गोष्ट खरी असते. त्या दहांनी ती एकाकडूनच ऐकलेली असली तरी.

भाव नऊ हजार होता तेव्हा लोक म्हणाले, अजून थांबू. आठ झाला तेव्हा म्हणाले, एवढं थांबलो, आता कशाला विकायचा? साडेसातला म्हणाले, आता तर विकायचाच नाही. भाव जसा खाली गेला तसा निर्धार वर गेला. व्यापाऱ्याला हे कधीच जमलं नसतं. तो नऊला विकून मोकळा झाला असता, कारण त्याच्याकडे तत्त्व नसतं, नुसता हिशेब असतो. दरम्यान कापूस वाळून वजनाला हलका होत होता, आणि पीककर्जाचं व्याज मात्र वाळत नव्हतं.

नऊ हजारांना विकणारेही काही होते. ते हुशार होते असा गैरसमज नको. कोणाला वेचणीची मजुरी द्यायची होती, कोणाला कृषी सेवा केंद्राची उधारी फेडायची होती, कोणाच्या पोरीची फी थकली होती. पंचांग बघायलाही सवड नसलेली ही माणसं. त्यांना गावाने त्या वेळी भरपूर नावं ठेवली.

आपल्या कापसाला ही परंपरा जुनी आहे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत बँका निघाल्या, समुद्र भरून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. जमीन अजून पाण्याखाली होती, शेअर आभाळात होते. शेअर दलाल प्रेमचंद रायचंद ज्याला हात लावतील ते वर जायचं. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचा जनरल ली शरण आला, यादवी संपत आली आणि कापसाचा भाव कोसळला. 1 जुलैला सौदे पुरे करायचे होते, तेव्हा पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांना गेलेला शेअर 87वर आला. तरी मुंबईचं नशीब थोर. प्रेमचंदांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. त्या तेजीतून शहराला निदान घड्याळ मिळालं. आम्हाला मलम.

आणि हे फक्त आपल्याच मातीत होतं असं समजून मान खाली घालायचं कारण नाही. 1720 मध्ये लंडनला साउथ सी कंपनीचे शेअर चढत होते. आयझॅक न्यूटन तेव्हा सरकारी टांकसाळीचा प्रमुख. त्याने आधी नफ्यात विकले. मग ओळखीपाळखीचे लोक श्रीमंत होताना बघवेना, म्हणून चढ्या भावाने परत घेतले आणि बुडाला. पृथ्वीवरची प्रत्येक वस्तू खाली का येते हे ज्याने जगाला सांगितलं, त्याचीही ही गत. मग सातवी नापास माणसाला कोणत्या तोंडाने हसायचं?

जून 2023 उजाडला. पेरणी तोंडावर आली, बियाण्याला पैसे लागले, आणि घराघरांतला कापूस एकाच आठवड्यात निघावा तसा मोंढ्याकडे निघाला. त्याच महिन्यात सरकारने पुढच्या हंगामाचा हमीभाव जाहीर केला: लांब धाग्याला 7,020 रुपये. बारा हजारांसाठी सात-आठ महिने खाज सोसलेल्यांनी आपला कापूस त्याच्याच आसपासच्या भावाने घातला.