तहकूब बाग

विषय क्रमांक एक : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.

आमच्या बागप्रेमी मंडळात वर्षभरात रुजलेली, वाढलेली आणि फळाला आलेली एकमेव गोष्ट म्हणजे हे इतिवृत्त. दोनशे पानी वही संपून दुसरी लागली. पहिल्या वहीला चिटणीसांनी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. रोपांना सावलीची जाळी घालायचा ठराव याच वहीत पान एक्केचाळीसवर आहे. जाळी कुठं आहे ते वहीत नाही.

मंडळाला अजून नाव नाही. तीन सभा नावावर झाल्या. एकानं 'हरित' सुचवलं, तर दुसरा म्हणाला, रंगात शिरू नका, परंड्यात रंगाचं राजकारण व्हायला वेळ लागत नाही. मग झेंडू आला, मोगरा आला. मोगऱ्यावर खजिनदारांनी हरकत घेतली, कारण मोगरा त्यांच्या व्याह्यांच्या गल्लीतल्या भिशीचं नाव आहे. शेवटी 'नावाचा विषय पुढील सभेवर ठेवण्यात आला' हे एकमतानं ठरलं. नाव नाही म्हणून शिक्का नाही, शिक्का नाही म्हणून अर्ज नाही, आणि अर्ज नाही म्हणून नळजोड नाही. इतकी सरळ उतरंड मी कुंभाराकडंही पाहिलेली नाही.

तरी नोंदणीची तयारी पक्की आहे. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात. इंग्रजानं हा आकडा ठरवला तेव्हा आमची गल्ली त्याच्या डोळ्यासमोर नसणार. इथं सात माणसं जमवायची तर सहा पदं निर्माण करावी लागतात. आम्ही ती केली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, सहचिटणीस, खजिनदार. आणि उरलो मी. मंडळात पदाधिकारी सहा आणि सभासद एक. त्यामुळं फावडं कुणी धरायचं हा प्रश्न घटनेतच निकाली निघाला आहे.

सभेची वेळ साडेपाच. गणपूर्ती पाच. साडेपाचला गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासानं, त्याच ठिकाणी, त्याच विषयांवर पुन्हा भरते. या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. हा नियम ज्यानं काढला त्याला झाडांचं काही कळत नसेल, माणसांचं मात्र पुरतं कळत होतं. आता सगळे पदाधिकारी सहालाच येतात. साडेपाचला यायचं म्हणजे सभा वैध व्हायचा धोका. वर्षभरात आमची एकही सभा पहिल्या फटक्यात झालेली नाही.

आमची जागा म्हणजे लेआउटमधली ओपन स्पेस. काळी माती, एप्रिलात पाऊल अडकेल अशा भेगा, आणि मधोमध एक कडुनिंब, जो कुठल्याही ठरावाशिवाय उभा होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिथं एक्कावन्न रोपं लावली. पन्नास का नाही? आहेराच्या पाकिटात वर एक रुपया घालतात तसं वर एक रोप. मुहूर्त मात्र सरकारी होता. देशात वनमहोत्सव १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी सुरू केला, तेव्हापासून जुलै लागला की या देशातल्या प्रत्येक पदाधिकाऱ्याच्या हाताला कुदळीची ओढ लागते आणि ती साधारण सात दिवस टिकते. आपल्या राज्यानं तर आकडेच लावले : २०१६ ला दोन कोटी झाडं, २०१७ ला चार, २०१८ ला तेरा आणि २०१९ ला तेहतीस कोटी. तेहतीस कोटी हा आकडा ज्यानं सुचवला त्याच्या बुद्धीला माझा दंडवत. देवही तेवढेच आहेत आणि त्यांचीही शिरगणती करायला आजवर कुणी गेलेलं नाही. (त्याच त्या खड्ड्यात दर वर्षी नवं रोप लावण्याचा विनोद जुना आहे, म्हणून मी तो करत नाही. खड्डाही जुनाच होता, एवढंच सांगतो.)

वृक्षारोपणाच्या दिवशी अडचण आली ती बॅनरची. नऊ फुटी बॅनर, त्यावर सहा फोटो, आणि नेमकी अध्यक्षांच्या चेहऱ्यावर कडुनिंबाची फांदी. बॅनर हलवावा तर पाठीमागं उकिरडा येतो. म्हणून फांदी हलवायचं ठरलं. उपाध्यक्ष कोयता घेऊन स्वतः वर चढले.

आमच्या तालुक्याला फांदीचं मोठं माहात्म्य आहे. सीनेच्या काठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. त्यांचं आधीचं नाव अंबाजी. समर्थांनी विहिरीवर आलेली फांदी तोडायला सांगितली, अंबाजी त्याच फांदीवर बसून बुंध्याकडच्या अंगाला घाव घालत राहिला आणि फांदीसकट विहिरीत गेला. समर्थांनी वरून हाक दिली, कल्याण आहे ना? तळातून उत्तर आलं, आणि अंबाजीचा कल्याण झाला, अशी कथा सांगतात. आमचे उपाध्यक्षही त्याच पद्धतीनं बसले होते. फांदी बॅनरवर आली, उपाध्यक्ष फांदीवर आले. पण कल्याण कुणी विचारलं नाही. खालून आवाज आला, "फोटू आला का?"

त्या पडलेल्या फांदीच्या वासानंच ती पहिल्यांदा आली. शेळी. काळीभोर, लांब कानांची, खास आमच्या जिल्ह्याची. कडुनिंबाचा पाला तिनं भाषण संपायच्या आत संपवला आणि मान वर करून एक्कावन्न रोपांकडं पाहिलं. अध्यक्ष तेव्हा माईकवर म्हणत होते की ही झाडं आपण पोटच्या लेकरासारखी सांभाळू. शेळीनं पोटाचा मुद्दा तेवढा उचलला.

आठवडाभरात बाग साफ. करंज, आवळा, जांभूळ, शेवगा, कशाचा अपवाद नाही. तातडीची सभा बोलावली (तहकूब झाली, सहाला भरली). निषेधाचा ठराव मांडायचा तर शेळीचं वर्णन हवं, आणि तिथं पाऊण तास गेला. जातीचं नाव उस्मानाबादी. देशभर ती याच नावानं ओळखली जाते, मटणाला आणि जुळ्या करडांना नावाजलेली. पण २०२३ साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. शेळीचं झालं नाही. सहचिटणीस म्हणाले, "धाराशिवी शेळी लिहा." कार्याध्यक्ष म्हणाले, "पशुवैद्यकाच्या पुस्तकात तशी शेळीच नाही, उद्या ठराव कोर्टात गेला तर?" ठराव कोर्टात कसा जाईल हे मी विचारलं. सभासदाला आयत्या वेळच्या विषयातच बोलता येतं, असं मला सांगण्यात आलं. अखेर 'एक काळी शेळी' असं लिहिलं. त्यावर खजिनदार पुटपुटले, "आपल्यात काळी नसलेली एक दाखवा. हा तर सगळ्या समाजाचाच निषेध झाला."

शिष्टमंडळ शेळीवाल्या आजींकडं गेलं. आजी ओसरीवर तांदूळ निवडत बसलेल्या. अध्यक्षांनी खाकरून सुरुवात केली.

"आजी, शेळी बांधत जावा जरा."

"बांधलेलीच असती की, भाऊ. दावं तोडती कवा कवा." आजींनी सुपातला खडा काढून बाहेर टाकला. "तुमी झाडाला कुंपान बांधलंय का?"

कुंपणाचा ठराव पान एकोणसाठवर आहे. अध्यक्षांनी चिटणीसांकडं पाहिलं, चिटणीसांनी वहीकडं. आजींनी सगळ्यांना चहा पाजला. दूध शेळीचंच असावं, कारण उपाध्यक्षांनी दुसरा कप मागितला तेव्हा शेळीनं त्यांच्याकडं रोखून पाहिलं.

जाता जाता मी मागच्या दारी डोकावलो. मोरीचं पाणी एका चरातून अळूला, अळूचं उरलेलं कढीपत्त्याला, आणि शेवटी एका शेवग्याला, ज्याच्या शेंगा हाताला येत होत्या. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. इतिवृत्तात याची नोंद नाही, कारण मागचं दार विषयपत्रिकेवर नव्हतं.

पुन्हा रोपं आणली, तीही एक्कावन्न. या वेळी काम शास्त्रशुद्ध करायचं म्हणून पाच उपसमित्या नेमल्या. राज्याचं माझी वसुंधरा अभियान २०२० च्या गांधी जयंतीपासून पंचमहाभूतांवर चालतं, मग आपण का मागं? भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश. प्रत्येक उपसमितीवर तिघे, म्हणजे पंधरा जागा आणि माणसं सात. मी चार ठिकाणी निमंत्रित आहे. आकाश उपसमिती मोबाइलवर पावसाचा अंदाज पाहते. (२०२५ च्या सप्टेंबरात आभाळानं आणि सीनेनं तालुक्यात जो हाहाकार केला तो या सदराचा विषय नाही, तिथं विनोद थांबतो.) वायू उपसमितीकडं भाषणं आहेत. अग्नी उपसमितीकडं चहा, आणि अहवाल देणारी तीच एकटी.

खरी कसोटी जल उपसमितीची. फेब्रुवारी सरला की रोपाला पाणी हवं, आणि आमच्या जागेपासून हापसा दीडशे पावलांवर. या दीडशे पावलांवर चार सभा झाल्या. ज्या गावाच्या किल्ल्यावरून मुलूख-ए-मैदान तोफ हलली त्या गावात! १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, पंचावन्न टनांची ती तोफ इथून १६३२ साली विजापूरला नेली. ना रस्ता, ना डिझेल, ना उपसमिती. आम्हाला एक घागर हलवायची होती. पाळ्या लावल्या, तक्ता केला, तक्त्याला लॅमिनेशन केलं. सोमवारवाल्याला वाटलं रविवारवाल्यानं जास्तच घातलं असेल, मंगळवारवाल्यानं सोमवारवाल्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. परस्परांवरच्या अशा निखळ विश्वासात एप्रिल उजाडला. रोपं गेली. या खेपेला शेळीचा दोष नव्हता हे मी नमूद करायला सांगितलं. 'नैसर्गिक कारण' असं लिहिलं गेलं.

मध्ये एक अभ्यासदौराही झाला, जानेवारीत, पुण्याच्या एम्प्रेस गार्डनला, फुलांच्या प्रदर्शनाला. ते चालवणारी संस्था १८३० ची, म्हणजे दोनशे वर्षांना टेकलेली. सगळे गुलाब पाहत होते; कार्याध्यक्ष मात्र संस्थेच्या पाटीसमोर हात मागं बांधून उभे. म्हणाले, "यांनी नाव किती सभांत ठरवलं असेल?" येताना खजिनदारांनी थंड हवेतलं कसलंसं फूलझाड आणलं. परंड्याच्या उन्हाची आणि त्याची ओळख नऊ दिवसांची ठरली.

यंदा जूनचा पहिला पाऊस पडला आणि चमत्कार झाला. वार्षिक अहवालासाठी जिवंत रोपं मोजायची होती, चिटणीस जड मनानं गेले आणि धावत परत आले. खड्ड्याखड्ड्यात हिरवं! वीतभर उंचीची, तजेलदार, बारीक पानांची रोपं. दोन-दोनदा मोजली. त्र्याहत्तर! लावली एक्कावन्न, जगली त्र्याहत्तर. अध्यक्षांनी डोळे पुसले. जगवणूक शंभर टक्क्यांच्या वर गेली तर फॉर्मच्या रकान्यात बसेल का, याचीच चिंता उरली.

मला मात्र त्या पानांचा संशय आला. आजींना बोलावलं. त्यांनी वाकून एक रोप दोन बोटांत धरलं आणि हसू दाबत म्हणाल्या, "आरं लेकरांनो, ही येडी बाभळ हाय की."

उलगडा असा. वेडी बाभूळ ही अमेरिका खंडातून आलेली. तिच्या पाल्याला शेळी तोंड लावत नाही, शेंगा मात्र आवडीनं खाते. बी टणक, पोटातून जाऊनही मरत नाही, उलट त्याचं कवच नरम पडतं. मे महिनाभर शेळी ओढ्याकाठी शेंगा खायची आणि दुपारी आमच्या कडुनिंबाच्या उरलेल्या सावलीला येऊन बसायची. बाकीचं काम लेंड्यांनी केलं. बी, बीजप्रक्रिया, खत आणि पेरणी एकाच हातानं, म्हणजे एकाच... असो. खड्डे आमचेच होते. दुसऱ्यानं लावलेल्याचा पाला खाऊन टाकायचा आणि आपण नेमकं ते लावायचं जे आपण खात नाही, एवढी दूरदृष्टी आमच्या सात जणांत नव्हती.

अध्यक्ष बराच वेळ गप्प होते. मग चिटणीसांना म्हणाले, "फॉर्ममध्ये झाडाच्या जातीचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग लिहा त्र्याहत्तर."

आजींचा सत्कार करायचं ठरलं, 'पशुपालनातून वनीकरण' या शीर्षकाखाली. शाल, श्रीफळ आणि एक रोप. मंगळवार, सायंकाळी साडेपाच. आजींना मी दोनदा बजावलं की सहाला या. पण ज्यांना बोलावलंय त्यांनी वेळेवर जायचं असतं, अशा समजुतीतली ती पिढी.

मंगळवारी शाल माझ्याकडं असल्यानं मीही साडेपाचला पोचलो. ओपन स्पेसमध्ये सहा रिकाम्या खुर्च्या, आणि कडुनिंबाखाली आजी, हातात दावं. दाव्याला शेळी. आणि शेळीच्या मागं, अजून पाय नीट न टेकणारी, आठवडाभराची दोन काळी करडं.

सवयीनं मी मोजलं. मी, आजी, शेळी आणि ती दोघं. पाच.

"काय रं, काय मोजतुयास?" आजींनी विचारलं.

"गणपूर्ती झाली, आजी."

"मंग करा की सुरू," त्या म्हणाल्या आणि अध्यक्षांच्या खुर्चीवर टेकल्या.