परण्या कडेगावचा, ठेका स्वीडनचा

प्रोग्रेसिव्ह मेटलचा भक्त एकट्याने कधी ऐकत नाही. त्याला शेजारी माणूस लागतो. गाणं चालू असताना हा त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसतो, आणि ठरावीक जागा जवळ आली की पंजा उभारून म्हणतो, ‘आता ऐक. आता. ऐकलंस?’ आपण ‘हो’ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ‘काय ऐकलंस?’ म्हणून शहाण्याने ‘हो’ म्हणू नये.

माझा भाचा असा भक्त आहे, आणि पुण्याहून कडेगावपर्यंत त्याच्या शेजारच्या सीटवर मी होतो.

निमित्त लग्नाचं. आमचे दाजी मूळचे कडेगावचे, धंद्याने गलाईवाले. खानापूर, आटपाडी, कडेगाव हा सगळा अवर्षणाचा पट्टा. शेतीत राम नाही म्हटल्यावर इथल्या लोकांनी सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची कला धरली आणि ती घेऊन देशभर पांगले. कोचीपासून कोलकात्यापर्यंत कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात ‘काय चाललंय?’ असं मराठीत ऐकू आलं, तर माणूस विटा-कडेगावकडचा समजावा. दाजींची भट्टी काळबादेवीला. त्यामुळे भाचा वाढला तिथेच, आणि तिथून पायी जाण्याच्या अंतरावर धोबीतलावचं रंगभवन. एके काळी ‘इंडिपेंडन्स रॉक’चा दणदणाट या उघड्या नाट्यगृहात व्हायचा. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात मोडतो असं ठरलं आणि रंगभवन मुकं झालं. भाचा तोवर शाळेच्या चड्डीत होता. त्याच्या वाट्याला थोरल्या चुलतभावाचे काळे टी-शर्ट तेवढे आले. ती भूक २००९ च्या डिसेंबरात भागली. पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ला ‘पोर्क्युपाइन ट्री’ हा इंग्लंडचा बँड आला, आणि भाचा गर्दीत उभा राहून बहुधा रडला. त्या रात्रीबद्दल तो ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात आमचे वडील ‘सवाई’तल्या भीमसेनांच्या भैरवीबद्दल बोलायचे.

गाडी तो चालवणार होता, आणि जो चालवील त्याने गाणी लावायची असा त्याने कायदाही करून टाकला होता.

‘मामा, हा अल्बम म्हणजे एक सलग गोष्ट आहे. मध्ये बोलायचं नाही,’ असं कात्रजच्या बोगद्यात सांगून त्याने ‘ड्रीम थिएटर’चा १९९९ सालचा ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ लावला आणि स्वतः बोलायला लागला. गोष्ट अशी. निकोलस नावाच्या माणसाला स्वप्नं पडतात. तो संमोहन करणाऱ्या डॉक्टरकडे जातो. तिथे कळतं की मागच्या जन्मी तो व्हिक्टोरिया नावाची बाई होता आणि १९२८ मध्ये तिचा खून झाला. बाईवर दोघा भावांचं प्रेम. एक जुगारी, दुसरा पुढारी. पुढाऱ्याने दोघांना मारलं आणि वर साक्षीदार म्हणूनही तोच उभा राहिला. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर मी विचारलं, ‘आणि तो डॉक्टर?’ भाचा चमकला. शेवटी उघड होतं की डॉक्टर म्हणजेच मागच्या जन्मीचा तो पुढारी. माझी आयुष्यभराची सांगलीची नाटकं आणि नारायणगावचे वग पाहणं वाया गेलेलं नाही. सव्वा तासाच्या अल्बममधली ही कथा एखाद्या फडाला दिली, तर ते गणगौळण धरून रात्र काढतील.

खंबाटकी घाटात मात्र प्राणावर बेतलं. या अल्बमात ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ नावाचा नुसत्या वाद्यांचा तुकडा आहे. सहा मिनिटांचा, आणि त्यात ताल शंभराहून अधिक वेळा बदलतो. म्हणजे आपण झपताल धरावा तर तोवर तो रूपकात गेलेला, रूपकात शिरावं तर सवापाच की साडेपाच असल्या काहीतरी अडचणीत. एवढ्यात मध्येच मूकपटांच्या काळातला पियानो टणाटणा वाजून जातो. हे सगळं भाचा स्टिअरिंगवर बोटांनी मोजत होता. मोजायला दोन्ही हात लागतात. पुढे उसाचा ट्रक, उजवीकडे दरी, आणि हा म्हणतोय, ‘सात, सात, पाच, आता सहा, मामा, सहा!’ मी सम गाठायच्या आधी समोरचा ट्रक गाठू नये एवढीच प्रार्थना करत होतो.

आनेवाडीचा टोलनाका येईपर्यंत ‘टूल’ सुरू झालं होतं. २००१ च्या ‘लॅटरलस’ या गाण्यात गायकाने शब्द असे बसवलेत की अक्षरांची संख्या एक, एक, दोन, तीन, पाच, आठ अशी चढते आणि तशीच उतरते. ‘फिबोनाची!’ भाचा ओरडला. इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाळा, लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. अमुक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल, हे मोजताना हेमचंद्रसूरींनी अकराशे पन्नासच्या सुमारास हीच संख्यामाला लिहून ठेवलीय, आणि फिबोनाचीचं पुस्तक १२०२ चं. भाच्याने गाडी कडेला घेऊन हे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. साताऱ्यापर्यंत तो हेमचंद्राची महती मलाच सांगत होता, आणि दोनदा म्हणाला, ‘तुम्हाला माहीत नसेल.’

उंब्रजच्या आसपास ‘ड्रीम थिएटर’चा ड्रमवाला माइक पोर्टनॉय २०१० मध्ये बँड सोडून गेला, त्याची कहाणी झाली. त्याच्या जागी नवा निवडताना सात ड्रमवाल्यांच्या परीक्षा घेतल्या, तेरा वर्षांनी जुनाच परत आला आणि २०२५ मध्ये त्याच्यासह अल्बमही निघाला. आमच्या भागात पक्ष सोडून गेलेला नेता इतकी वर्षं बाहेर थांबत नाही. कराडला वळून कृष्णेचा पूल ओलांडला, ओगलेवाडी आली. मी प्रभाकर कंदिलाच्या काचेबद्दल दोन शब्द बोलावेत म्हणून तोंड उघडलं, तर भाच्याने पंजा उभारला. ‘आता ऐका.’ सुर्लीचा घाट चढून गाडी कडेगावच्या बाजूला उतरली तेव्हा माझ्या डोक्यात सात अधिक पाच उणे दीड असं काहीतरी कायमचं बसलं होतं.

कडेगावात पोचल्यावर चित्र पालटलं. दाजींचे थोरले भाऊ, म्हणजे आबा, हे ताबुतांचे भक्त. कडेगावचा मोहरम साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. शे-सव्वाशे फूट उंचीचे बांबूचे ताबूत माणसांच्या खांद्यांवर निघतात, चौकात एकमेकांना भेटतात, आणि ताबुतांचा मान हिंदू घराण्यांत आहे तसा मुसलमान घराण्यांतही. आम्ही गेलो तेव्हा मोहरम लांब होता. आबांचं काही अडलं नाही. चहा संपायच्या आत त्यांनी भाच्याला चौकात नेऊन उभं केलं.

‘हितं. आता वर बघ.’

भाच्याने वर बघितलं. वर आभाळ होतं आणि एक घार.

‘आणिक वर. तिथं कळस. बाकीचं जग आधी पाया घालतं, मग कळस चढवतं. हितं आधी कळस करायचा, मग त्याच्या खाली एकेक मजला जोडत यायचं. पाया सगळ्यात शेवटी. ध्यानात आलं?’

‘हो.’

‘काय ध्यानात आलं?’

मी तोंड फिरवून हसलो. कोकणातून आलेला वारा सुर्लीच्या डोंगरावर अडावा तसा माझा भाचा आबांवर अडला होता. भर उन्हात, रिकाम्या आभाळाखाली त्याने ताबुतांच्या भेटी, खांदेकऱ्यांची हुशारी आणि कळसाचा तोल हे सगळं मान मागे टाकून ऐकून घेतलं. मधे एकदा त्याने ‘आमच्याकडे पण काही गाणी कळसापासून सुरू होतात’ असं म्हणून बघितलं. आबा म्हणाले, ‘असतील. वर बघ.’

दुसऱ्या दिवशी परण्या. नवरदेव म्हणजे दाजींचा पुतण्या, वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडे निघायचा होता. पोरांनी डॉल्बी ठरवलेली, आबांनी हट्टाने हलगी-घुमकं-कैताळही बोलावलेलं, आणि नाचणारी घोडी. हलगीवाले घराच्या मागे पाचट पेटवून हलगी शेकत बसले होते. भाचा मात्र डॉल्बीच्या गाडीवर. भिंतीएवढे स्पीकर बघून त्याची नियत फिरली होती. ऑपरेटर पोरगा विशीचा, ‘बेस हाय का?’ एवढं एकच विचारणारा. बेस होता.

मग कडेगावच्या रस्त्यावर ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ सुरू झालं.

पहिल्या काही क्षणांत पोरांनी हात वर केले. नाचायची त्यांची तयारी मनापासूनची होती. पण उजवा पाय टाकावा तोवर मात्रा संपलेली, डावा टाकावा तर दोन जास्तीच्या. एका पोराने मोबाइल काढून बघितल्यासारखं केलं. नाच सोडायची ही सभ्य रीत आहे. पियानो आला तेव्हा ऑपरेटरने घाबरून तिन्ही वायरी हलवून पाहिल्या आणि मशीनला एक चापट मारली. एक आजी करवलीला म्हणाली, ‘अडकलंय गं त्ये, काढा की.’ शेवटी घोडी थांबली. हलगीच्या चालीवर दोन पायांवर उभी राहणारी, कितीतरी नवरदेव देवळापर्यंत पोचवलेली ती घोडी पुढचा एक पाय हवेत धरून उभी राहिली, कारण तो खाली कधी ठेवायचा हे तिला कळेना. घोडीवाला म्हणाला, ‘बिथरली तर जबाबदारी माझी न्हाई.’ डॉल्बी बंद झाली. हलगी कडाडली, घोडीने पाय ठेवला, परण्या हलला.

जेवणं झाल्यावर भाचा हलगीवाल्या काकांच्या शेजारी जाऊन बसला. तालाबद्दल विचारावं, खेड्यातल्या कलावंताला थोडं शास्त्र सांगावं, असा त्याचा चांगला हेतू होता. ‘काका, ही किती मात्रांची चाल?’ असं त्याने विचारलं, आणि तिथून पुढे त्याला बोलायला मिळालं नाही. काकांनी टिपरू पत्रावळीच्या टेबलावर धरलं. कुस्तीच्या मैदानातली हलगी वेगळी. पैलवान नुसती खडाखडी करत असतील तर एक, पट निघाला की दुसरी, आणि चितपट झाली की तिसरी. बैलगाडीला वेगळी. देवीला वेगळी, ती इथे वाजवायची नाही. ‘परण्याला मैदानाची वाजिवली तर नवरदेव शड्डू ठोकंल,’ काका म्हणाले. वळणावर चाल कशी तोडायची, चढाला कशी दाबायची, कुणी मधे पैसे ओवाळले तर हात न थांबवता ते कसे घ्यायचे, हे सगळं वाजवून झालं.

‘आता ऐका,’ काकांनी पंजा उभारला. ‘आता. ऐकलं?’

भाचा गप्प. आपण कुठे अडकलोय हे त्याला एव्हाना उमगलं असावं.

शेवटी त्याने कानातलं काढून काकांच्या कानात घातलं. काका लगेच म्हणाले, ‘ही मघाची. मशीन बिघडल्याली.’ बिघडलेली नाही, असंच वाजवतात, असं कळल्यावर मात्र त्यांनी डोळे मिटून, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत सगळं ऐकलं, आणि निकाल दिला. ‘पोरं तयार हायती. हात लई साफ. पर ह्येवढं बदलत्यात, तर परण्या फुडं सरकतो कसा?’

भाच्याने मग ठेवणीतलं काढलं. स्वीडनच्या उमेओ गावचा ‘मेशुगा’ हा बँड, २००२ चं ‘रॅशनल गेझ’. गिटारा आणि पायाचा ड्रम पंचवीस-पंचवीस बारीक मात्रांच्या वेटोळ्यात फिरतात, वर झांजेचा हात मात्र सरळ चारात. दोघं एकमेकांपासून लांब लांब जातात, आणि ठरल्या ठिकाणी गिटारांचं शेवटचं आवर्तन मधेच छाटून सगळे मिळून समेवर येतात. भाचा हे समजावून सांगायला तोंड उघडतच होता, तोवर काकांचा पाय हलायला लागला. पाय बरोबर चारात होता.

‘ह्यात कैताळवाला शाना हाय,’ काका म्हणाले. ‘हलगीला कुठं हिंडायचं तिथं हिंडू द्येतोय, आपण जागा सोडत न्हाई. ह्याच्यावर चालता येतंय. घोडी बी चालंल.’

जे कळायला भाच्याला कॉलेजची चार वर्षं आणि इंग्रजीतल्या कितीतरी चर्चा लागल्या होत्या, ते काकांनी पायाने सांगितलं. भाचा क्षणभर हरखला, मग तोच भक्तांचा रोग उसळला आणि त्याने गिटारांना आठ-आठ तारा असतात हे सांगायला घेतलं. काकांना तारांत रस नव्हता.

‘ह्यास्नी सुपारी कोण द्येतं?’

‘सुपारी नाही काका. ऐकणारे तिकीट काढतात.’

‘आधी?’

‘कितीतरी महिने आधी.’

‘आणि बसायला?’

‘बसायचं नाही. उभं राहूनच ऐकतात.’

‘जेवाण?’

‘ते आपलं आपण विकत घ्यायचं.’

काकांनी कानातलं काढलं, मांडवाच्या टोकाला झोपलेल्या घुमकेवाल्याला हाक मारून उठवलं आणि भाच्याच्या दुसऱ्या बाजूला बसवलं. ‘ह्याला पयल्यापासनं समदं सांगा,’ ते म्हणाले. ‘आमाला गिऱ्हाईक बदलायचं हाय.’