बद्द

आमच्या कोकणात कशाचीही खात्री करून घ्यायची म्हणजे आधी टिचकी मारायची. फणसावर मारायची, कलिंगडावर मारायची, बाजारात माठ घेताना बोटाच्या पेरानं तो वाजवून पाहायचा. फणस बद्द बोलला तर पिकला, माठ बद्द बोलला तर तडकला. आवाज तोच, एक पास, दुसरा नापास. त्यामुळे पुतण्यानं गावी हलक्या पोलादी सांगाड्याचं घर बांधलं आणि ऐंशी ओलांडलेली माझी आत्या ते बघायला आली, तेव्हा तिनं चप्पल काढायच्या आधी भिंतीला टिचकी मारली याचं कुणालाच नवल वाटलं नाही.

भिंत बद्द म्हणाली.

"पोकळ आहे रे!" आत्यानं निकाल दिला, आणि घर फणस नसून माठ आहे हे ठरून गेलं.

तिच्या बाजूनं एवढंच म्हणेन की जांभ्याच्या घरात जिचा जन्म गेला, तिला भिंत म्हणजे काय ते विचारावं. एक चिरा उचलताना कंबर जे बोलते ते ऐकलं, की घराच्या मजबुतीवर वेगळं व्याख्यान लागत नाही. इथे तर चिरे फक्त जोत्याला. त्यावर जस्ताचा मुलामा दिलेल्या, जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या पत्र्याला थंडच दुमडून केलेल्या पट्ट्या स्क्रूनं जोडून उभ्या केलेल्या. बाहेरून सिमेंटचा बोर्ड, आतून जिप्समचा, मधे रॉकवूल. एकेक पट्टी दोन बोटांवर तोलता येते. "कागदाचा कंदील," असं शेजारच्या काकांनी आधीच म्हणून ठेवलं होतं.

दोष मला वाटतं थोडा भाषेचाही आहे. 'वजनदार' माणसाला आपण खुर्ची देतो. 'हलका' या शब्दाचं गोत्र मात्र फारसं बरं नाही: हलका माल, हलक्या कानाचा, आणि पुढे थेट हलकट. अशा शब्दाला घराच्या आधी बसवलं की कोण त्या घरात मुलगी देणार?

पण वजन नेहमीच आपल्या बाजूनं असतं असं नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीचं वजन दर चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर जातं. धरणी हलली की घरावर येणारा आडवा जोर त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो. जितकं जड, तितका धक्का मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात दोन-दोन फूट जाडीच्या, दगड आणि मातीच्या भिंती अंथरुणातल्या माणसांवर आल्या. त्या भिंती टिचकीला नक्कीच ठणठणीत उतरल्या असत्या.

हलक्या घराची खरी काळजी वेगळीच असते, आणि ती कुणी विचारत नाही. ती वाऱ्याची. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं श्रीवर्धन-दापोलीकडची कौलं आणि पत्रे कुठल्या कुठे नेऊन टाकले. जड घराला खाली खचू नये म्हणून सांभाळायचं, हलक्याला वर उडू नये म्हणून. त्यासाठी सांगाडा जोत्यात बोल्टांनी जखडतात. हे बोल्ट पुतण्यानं मला दोनदा दाखवले. बाळंतघरातून आलेला बाप मुलाची बोटं मोजून दाखवतो तसे.

"आणि गंज?" आत्यानं विचारलं. कोकणात हा प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येकाला आहे. आमच्याकडे खिळासुद्धा पावसाळ्यात म्हातारा होतो. यावर पुतण्यानं जस्ताची गोष्ट सांगितली. मुलाम्याला ओरखडा पडला, तरी जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या थोरल्या सुनेसारखं, असं मी म्हणणार होतो. आत्या स्वतः थोरली सून, म्हणून गप्प बसलो. समुद्राच्या खाऱ्या हवेत जस्तही लवकर दमतं, म्हणून मुलामा जाड घ्यावा लागतो आणि भिंतीच्या पायथ्याशी ओल साचू द्यायची नाही, हेही त्यानं कबूल केलं. खरं तर लोखंडाशिवाय राहतो कोण? मुंबईतल्या जुन्या इमारतीत स्लॅबचं पोट फुगून खपली पडते आणि तांबूस सळ्या डोकावतात, तेव्हा कळतं की आपणही जन्मभर पोलादातच राहिलो. फक्त ते अंगभर कपडे घालून होतं.

बाकीच्या शंका जेवताना मिटल्या. वीज पडेल? लोखंड दिसलं म्हणून वीज वाट वाकडी करत नाही. पडलीच तर अर्थिंग केलेला सांगाडा तिला जमिनीत जायला वाट देतो. उकडेल? पत्र्याच्या शेडमध्ये उकडतं, कारण तिथे पत्रा आणि आपण यांच्यामध्ये कुणीच नसतं; इथे मधे रॉकवूल आहे. असं घर एका मजल्यापलीकडे जात नाही म्हणावं, तर आगरताळ्यात केंद्र सरकारच्या योजनेतल्या १,००० घरांच्या सात मजली इमारती आहेत. त्यांचे खांब जाड पोलादाचे, भिंती मात्र अशाच हलक्या सांगाड्याच्या. आणि आगरताळा भूकंपाच्या सर्वांत धोक्याच्या पट्ट्यात येतं. "तिकडे जाऊन टिचकी मारायची का?" असं आत्या म्हणाली, पण दुसऱ्यांदा भात घेत.

अडलं ते शेवटी खिळ्यावर. तिला आतोबांचा फोटो लावायचा होता. जुन्या घरी तो चिऱ्यात ठोकलेल्या खुंटीवर होता. इथे कुठेही खिळा मारला तर नुसत्या बोर्डात बसेल आणि आतोबा रात्री खाली येतील. पुतण्यानं फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं चुंबक तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "आजी, तूच शोध." आत्या भिंतीला हात लावून, चाचपडत, इंच इंच सरकत गेली. दोन ठिकाणी आंबा पडला. तिसऱ्या ठिकाणी टक्कन चिकटला.

तिनं शेजारी टिचकी मारली: बद्द. आंब्याखाली मारली: टण्ण.

"इथे हाड आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "बघतोस काय, स्टूल आण."