किती भरलं?

जून संपत आला की शहापूरच्या बाजारपेठेत ‘काय, बरं आहे ना?’ असं विचारणं बंद होतं. त्या जागी ‘किती भरलं?’ हा प्रश्न येतो. काय भरलं, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. या प्रश्नाला दशांश चिन्हासकट उत्तर देणारा एक तरी माणूस प्रत्येक आळीत असतोच. कुणी त्याला भाऊ म्हणतं, कुणी तात्या. आपण भाऊच म्हणू.

भाऊ बहुधा निवृत्त असतात. उमेद सगळी कसारा लोकलच्या दारात खर्ची पडलेली. जवळच्या आसनगाव स्टेशनवरून दादरपर्यंत उभ्यानं प्रवास करून गुडघे गेलेले. पण दुपारचा चहा झाला की त्याच गुडघ्यांना बळ येतं. छत्री स्कूटरच्या हँडलला अडकते आणि भाऊ भातसा धरणाच्या रस्त्याला लागतात. घरात कुणी कुठे निघालात म्हणून विचारलंच, तर उत्तर ठरलेलं: ‘जरा पाणी बघून येतो.’

बघून येतो म्हणजे फक्त बघून येतो. भाऊ पाण्यात पाय घालत नाहीत, फोटो काढत नाहीत, कणीसही खात नाहीत. समोरच्या काठावर त्यांची एक खूण असते, उघडा पडलेला काळा खडक नाहीतर वाळका ओंडका. एक डोळा मिटून ते त्या खुणेकडे रोखून पाहतात, अंगठा आणि करंगळी ताणून हवेतच माप घेतात आणि जाहीर करतात, ‘कालच्यापेक्षा दोन वीत वर.’ भातसा 142.07 मीटरला भरतं, तानसा 128.63 ला आणि मोडकसागर 163.15 ला, हे आकडे त्यांना तोंडपाठ. घरातला गॅस सिलिंडर कधी संपणार, हे मात्र त्यांना आजवर एकदाही सांगता आलेलं नाही.

मुंबई महापालिका रोज सकाळी सहाच्या पातळीचे आकडे देते, ते वर्तमानपत्रात येतात. भाऊंच्या वितीशी आकडा जुळला तर पालिकेत अजून चार माणसं कामाची आहेत असं ठरतं. नाही जुळला तर पालिका चुकली.

मुळात हे पाणी भाऊंचं नाही. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून क्षमता 14 लाख 47 हजार 363 दशलक्ष लिटर, आणि त्यातला निम्मा वाटा एकट्या भातसाचा. तानसा तर 1892 पासून मुंबईची तहान भागवतोय. सातांपैकी चार तलाव शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर आहेत, आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. बँकेतल्या रोखपालानं जन्मभर दुसऱ्याच्या नोटा मोजाव्यात, तसं भाऊंचं चाललेलं असतं. फरक इतकाच, की रोखपालाला त्याचा पगार मिळतो. याचा भाऊंना रागही येतो, पण तो मे महिन्यात. जुलैत पाण्यावर पहिली लाट उठली की तक्रार आपोआप पुढच्या उन्हाळ्यावर ढकलली जाते.

रविवारी मुंबईची मंडळी भिजायला येतात, ते भाऊंना बघवत नाही. विहीगावच्या धबधब्याला ‘अशोका’ हे नाव एका सिनेमाच्या चित्रीकरणामुळे पडलं, हेही त्यांना मंजूर नाही. जिल्हाधिकाऱ्यांनी पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांवर मनाई आदेश काढला, की भाऊ तो आदेश आपणच काढल्यासारखा चारचौघांत वाचून दाखवतात. तो आपल्यालाही लागू होतो, हे त्यांच्या गावीही नसतं. माहुली किल्ल्याच्या नवरा, नवरी आणि भटजी या सुळक्यांबद्दल मात्र ते पाहुण्यांना हौसेनं सांगतात. इतकी वर्षं लग्न लागतंय, अजून अक्षता पडल्या नाहीत, हा त्यांचा विनोद गावानं पाठ केलेला आहे.

पक्षीवाल्यांशी त्यांचं वेगळंच वाजतं. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर शंभरावर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. 1997 साली ते नंदुरबारमधल्या शहाद्याजवळ सापडलं आणि 2014 मध्ये तानसाच्या जंगलात. गळ्यात दुर्बीण अडकवलेला एक तरुण ही हकिगत मोठ्या भक्तीनं सांगत होता. भाऊ म्हणाले, ‘पिंगळा इथंच होता हो. हरवला होतात तुम्ही.’

भाऊंची खरी जुगलबंदी रंगते ती मुरबाडच्या अण्णांशी. दोन्ही तालुक्यांत सोयरिकी भरपूर, त्यामुळे हे दोघे बहुधा एकमेकांचे व्याही असतात आणि गाठ पडते ती मे महिन्यात, लग्नाच्या पंगतीत.

‘अहो व्याही, तुमच्याकडे रेल्वे आली का?’ भाऊ आमटीत भात कालवत पहिला वार करतात.

‘नसली म्हणून काय झालं? आमच्याकडे माळशेज आहे. नाणेघाटात धबधबा उलटा वर उडतो. तुमचं पाणी कधी वर गेलंय का?’

‘आमचं सरळ मुंबईला जातं.’

‘आमचं बारवी धरण 72.60 ला पोचलं की दरवाजे आपले आपण उघडतात. माणूस लागत नाही!’ अण्णा ताटावरून हात उचलून दरवाजे उघडून दाखवतात आणि शेजारच्याच्या सदऱ्यावर आमटीचा शिंतोडा उडतो. मग म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलांच्या जोड्या निघतात, आणि मठ्ठा येईपर्यंत भांडण मिटतं. नवरा-नवरीकडे दोघांचंही लक्ष नसतं.

पहिल्या पावसाबरोबर शेवळं ही रानभाजी येते. ठाकूर बायका रस्त्याकडेला पानांवर वाटे मांडून बसतात. भाऊ स्कूटर बंद न करताच भाव विचारतात, पैशांवरून एक शब्द घासाघीस करत नाहीत, पण सोबतची काकडाची फळं जास्तीची हवीत म्हणून हटून बसतात. शेवळात काकडं कमी पडली तर घसा खाजतो.

‘घाल गं अजून मूठभर. घसा गेला तर धरणाचं कोण सांगणार लोकांना?’

ती मूठभर घालते. वर विचारते, ‘भाऊ, किती भरलं?’

एखाद्या ऑगस्टात आसनगावला उतरलात आणि धरणाचा रस्ता विचारायचा झाला, तर रिक्षावाल्याला विचारा. भाऊंनाच विचारणार असाल, तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकल मुंबईतल्यासारख्या दर चार मिनिटांनी नसतात.