कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीस

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ विचारते: चामड्याची राखण करायला तुला नेमलं कोणी?

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या दशकात शिवलेली ‘कोच’ची बॅग मी मुंबईत जुनी म्हणून विकत घेतली. बेसबॉलच्या हातमोज्यासारखं जाड तरी मऊ चामडं, आत अस्तर नाही, तोंडाशी डिझायनर बॉनी कॅशिन यांनी रूढ केलेली पितळी फिरकी. वापराने तिचं काहीच बिघडलं नव्हतं, उलट हाताच्या तेलाने ती झळाळलीच असणार. मग ‘धूळ बसायला नको’ म्हणून कोणीतरी तिला तुझ्यात कोंबलं, वर गाठ मारली, आणि तू तुझं कर्तृत्व दाखवलंस.

चामडं कितीही कमावलं तरी ते कातडंच. हवा बदलेल तसा ते ओलावा घेतं आणि सोडतं. तू तो सोडूच दिला नाहीस. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर टिकली की चामड्याला बुरशी धरू लागते, आणि मुंबईत जुलैमध्ये ती सहज ८० च्या पुढे जाते. झाकणाखाली, शिवणींत, पट्ट्याच्या घडीत करडी लव माजली होती. तोंडाला मास्क बांधून, गच्चीत बसून मी ती मऊ ब्रशने काढली. डाग राहिले, कुबट वासही राहिला. विकताना काढलेल्या फोटोंत वास येत नाही, म्हणून तुझं पाप खपून जातं.

फिरकीचं तर बघवत नाही. चामड्यातलं तेल आणि तू कोंडलेला ओलावा यांनी पितळ कळकलं. हिरवा, मेणचट थर भोवतीच्या चामड्यात मुरला. तो मी निघेल तेवढा लाकडी काडीने खरवडला. उरलेली हिरवी कड आता कायमची.

बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कोल्हापुरी चपला पावसाळ्यात पांढऱ्या पडतात, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तरी महागाची बॅग दिसली की माणसं तुलाच शोधतात!

आता माझी बॅग धुतलेल्या मलमलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. आकार राहावा म्हणून पोटात कोरा, आम्लविरहित कागद आहे. वर्तमानपत्राची शाई उतरते. शेजारी सिलिका जेलची पुडी. डांबरगोळ्या नाहीत, त्यांचा वास चामड्यातून जाता जात नाही. पावसाळ्यात अधूनमधून तिला बाहेर काढून पंख्याचा वारा देईन.

तुझी रवानगी आजच भंगारवाल्याकडे होतेय.

कळावे. लोभ नसावा.