लोणारवर निबंध लिहिणाऱ्यांसाठी आचारसंहिता

बुलडाणा जिल्ह्यात निबंधाला विषयांची टंचाई नाही. मात्र सिंदखेडराजावर लिहायला बसलं की सूर आधीच लागलेला असतो आणि शेगाववर लिहायला बसलं की हात आपोआप जुळतात. आधी मत न बनवता चाचपडत जायचं, एकमेकांना छेद देणाऱ्या साक्षी ऐकायच्या आणि मग काय हाती लागतं ते बघायचं, असा निबंध लिहायचा तर लोणारला तोड नाही. सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, तळाशी खारं पाणी, आणि तो कसा झाला याबद्दल ज्याला विचारावं तो ठाम. सबब, होतकरू निबंधकारांच्या हितासाठी खालील नियम जारी करण्यात येत आहेत.

नियम १. निष्कर्ष आधी लिहू नये. अगदीच राहवत नसेल तर पेन्सिलीने लिहावा.

नियम २. प्रत्येक साधनाला एकेक परिच्छेद वाटून मोकळं होऊ नये. ही आमच्याकडची सर्वमान्य पद्धत. पहिल्या परिच्छेदात लवणासुर, दुसऱ्यात ज्वालामुखी, तिसऱ्यात उल्का, चौथ्यात 'अशा प्रकारे लोणार हे आपल्या जिल्ह्याचे वैभव आहे', की संपलं. तिघांची आपसात ओळखही होत नाही. पंगतीत शेजारी बसलेल्या परक्या पाहुण्यांसारखे आपापल्या पत्रावळीकडे बघत जेवतात आणि उठतात. आमच्या निबंधस्पर्धेच्या वह्या तपासणाऱ्या माणसाचे किती रविवार या वैभवात गेले, हे सांगण्याची ही जागा नव्हे. पण गेले.

नियम ३. साधनाला 'तू खरं बोलतोस का' हे नंतर विचारावं. आधी विचारावं, 'तू कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोयस?' लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा. दैत्यसूदन रूपातल्या विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं, ते लांब धाकेफळजवळ पडून टेकडी झाली, आणि असुराच्या रक्ताचं पाणी झालं. हसू येण्याआधी हिशेब मांडा. खड्डा का आहे, पाणी असं वेगळं का, आणि इथं जे होतं ते गेलं कुठे? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. तिसरा तर पुढे भूवैज्ञानिकांनाही चुकला नाही. मग आइन-इ-अकबरी उघडावी. लोणारचं पावित्र्य तिथे नोंदलेलं आहे, आणि त्यालाच लागून काच नि साबण करायला लागणारा माल इथे मिळतो, हेही. दरबाराला उत्पत्तीचं कुतूहल नव्हतं, उत्पन्नाचं होतं. म्हणून नोंद टाकाऊ ठरत नाही. खाराबाबत तिच्यावर भरवसा ठेवावा, उल्केबाबत तिला छळू नये.

नियम ४. चुकलेल्या माणसाला निबंधातून हाकलू नये. लोणारच्या चहूकडे बेसाल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हाच. त्यात गोल खड्डा बघून एकोणिसाव्या शतकातल्या जाणत्यांना ज्वालामुखी आठवला, यात वेडेपणा कसला? अडचण एवढीच की दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्डा त्यामानाने कालपरवाचा.

गिल्बर्ट नावाच्या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १८९६ साली गृहीतकं कशी जन्मतात यावरच एक लेख लिहिला. विषय अ‍ॅरिझोनातला असाच एक खड्डा, आणि त्यात आपल्या लोणारचाही उल्लेख. गडी पद्धतशीर. उल्का आत गाडलेली असेल तर काठावरचा मुरूम खड्ड्यात भरून वर उरायला हवा, आणि जवळपास होकायंत्राची सुई ढळायला हवी. त्याने दोन्ही मोजलं. मुरूम उरला नाही, सुई हलली नाही. म्हणजे उल्का नाही, वाफेचा स्फोट. रस्ता अगदी बरोबर, मुक्काम चुकला, कारण एवढ्या वेगाने आदळलेली उल्का स्वतःच बहुतेक नाहीशी होते, हे तेव्हा कळलेलं नव्हतं. चाचपडून लिहिण्याचा याहून सरस नमुना मला माहीत नाही, आणि त्याचं उत्तर चूक आहे. आमच्या स्पर्धेत त्याला उत्तेजनार्थही मिळालं नसतं.

लोणारचा निकाल लागला तो १९७३ साली. तळ्याखाली छिद्रं पाडून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड दणका बसला की खडकातल्या खनिजाची अशी काच होते, आणि तसला दणका ज्वालामुखीच्या आवाक्याबाहेरचा.

नियम ५. सरासरी काढू नये. खड्ड्याचं वय एका अभ्यासात सुमारे ५२,००० वर्षं आलं, २०११ च्या दुसऱ्या अभ्यासात सुमारे ५,७०,०००. म्हणून मध्ये ३,११,००० लिहिणारे विद्यार्थी पुढे राजकारणात चांगलं नाव काढतील, पण निबंधात चालणार नाही. पहिल्या अभ्यासाने काच शेवटची तापल्यापासून तिच्यात साठलेली ऊर्जा मोजली, दुसऱ्याने वितळलेल्या खडकातला आर्गॉन. कोणतं घड्याळ कशाने बिघडू शकतं, हे दोन ओळींत लिहिता आलं तर वय न सांगताही गुण मिळतील.

नियम ६. 'दोन्ही बाजूंत तथ्य आहे' असं लिहिल्यास वही परत.

नियम ७. साखळी शेवटपर्यंत ओढावी. आमचे एक सर होते. वर्गात कुणी काही ठणकावून बोललं की खडू खाली ठेवायचे. 'कोनं सांगलं तुले?' नाव सांगितलं की, 'अन् त्याले?' दुसऱ्या-तिसऱ्या कडीला साखळी तुटायची आणि पोरगं खाली बसायचं. आम्ही पाठीमागे त्यांना 'सीआयडी' म्हणायचो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि घरोघरच्या मोबाइलवर कारणांचा पूर आला, तेव्हा सरांची फार आठवण झाली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने मात्र पाण्याचे नमुने तपासले. खारटपणा वाढल्यावर फोफावणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा तो रंग होता. नमुन्यातले जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा नितळ. 'अन् त्याले?' या प्रश्नाला इथे बाटली दाखवता येत होती.

नियम ८. विषय एकदा डोळ्यांनी बघावा. दुपारी उतरू नये, प्यायचं पाणी वरूनच न्यावं, आणि वाटाड्या काय सांगतो ते न टोकता लिहून घ्यावं. परतताना उत्तरेकडचं अंबर तळंही बघावं. याला धाकटं लोणार म्हणतात. मोठ्या उल्केचाच तुकडा इथे पडला, असं काही जण सांगतात. काहींना तिथे आघाताची एकही खूण सापडलेली नाही. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा विषय हाच ठेवला आहे. पेन्सिली घेऊन यावं.