फळ न धरणारी वेल

इंग्लंडमध्ये रोपवाटिकेतून क्लेमॅटिस आणली की तिच्या गळ्यात एक चिठ्ठी असते आणि चिठ्ठीवर तिचा गट लिहिलेला असतो. पहिला, दुसरा किंवा तिसरा. हा गट छाटणीचा. पहिल्या गटातलीला फुलं येऊन गेल्याशिवाय कात्री लावायची नाही. दुसऱ्या गटातलीला फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसतं वरवर सावरायचं. तिसऱ्या गटातली मात्र त्याच दिवसांत जमिनीपासून फूटभर ठेवून बाकी सगळी साफ करायची. चिठ्ठी हरवलीच तर वेल कधी आणि कोणत्या काडीवर फुलते ते बघून गट ठरवावा लागतो, म्हणजे वर्षभर हाताची घडी.

तासगावच्या द्राक्षबागायतदाराच्या मुलीला यात अवघड वाटावं असं काही नाही. आमच्याकडे वर्षाचे मोठे सण दोनच, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. दिवाळी त्यातून सवड झाली तर. त्यामुळे आप्पांना फोनवर क्लेमॅटिस समजावून सांगायला मला एक वाक्य पुरलं. मोंटाना ही जात गेल्या वर्षीच्या काडीवर फुलते, जॅकमनाय ही नव्या फुटव्यावर. पुढचं त्यांनीच सांगितलं. मोंटानाला फेब्रुवारीत हात लावलास तर मे महिन्यातली फुलं तू आत्ताच कापलीस म्हणून समज.

फेब्रुवारीत त्यांच्याकडे काढणीची धांदल. व्यापारी बांधावर, पेट्या भरायला बायका, गाडी दारात. इकडे मी हातमोजे घालून गारठ्यात उभी, आणि समोर वाळक्या सुतळीसारखी दिसणारी जॅकमनाय. मी फोन तिच्याजवळ धरला.

"डोळं जोडीनं हायत की गं," आप्पा म्हणाले. द्राक्षाच्या काडीवर डोळे एकाआड एक असतात. क्लेमॅटिसचे समोरासमोर, आणि ठसठशीत जोडी बघून तिच्या जरा वर कापायचं असतं. इथल्या बागकामाच्या पुस्तकात यावर चित्रांसह दोन पानं खर्ची पडलेली आहेत.

"घड किती सुटत्यात?"

"घड नाही सुटत, आप्पा. फुलंच येतात."

"मग फुलं बाजारला?"

"नाही. आम्ही बघतो."

पलीकडे इतका वेळ कुणी बोललं नाही की मला वाटलं रेंज गेली.

त्यांचंही बरोबर आहे. मशागत बघावी तर बागाइतीची आणि उत्पन्न शून्य. लावताना रोप कुंडीत होतं त्यापेक्षा चार बोटं खोल लावायचं. शेंडा उन्हात हवा, पण मुळं गारव्यात, म्हणून बुडाशी फरशीचा तुकडा किंवा एखादं पसरट झुडूप. पाणी भरपूर, पण साचता कामा नये. एवढं करून मोठ्या फुलांच्या जातींना ऐन कळ्या उमलायच्या वेळी मर लागते. काल टवटवीत असलेली वेल आज मान टाकते, पानं काळी पडतात. आप्पांचं निदान तयार होतं: करपा, बोर्डो मार. इथला इलाज त्याहून सोपा आहे. मेलेलं जमिनीलगत कापायचं आणि वाट बघायची. चार बोटं खोल लावण्याचं कारण तेव्हा कळतं, कारण मातीखालच्या डोळ्यांतून वेल पुन्हा फुटू शकते. फवारणीशिवाय रोग जातो यावर आप्पांचा विश्वास नाही. औषधाच्या दुकानदाराचाही नसावा.

मला या वेलीत सगळ्यात आवडतो तो तिचा पानाचा देठ. द्राक्षाला चढायला वेगळे ताणे असतात, क्लेमॅटिसला तीही चैन नाही. पानाचा देठच तारेला टेकला की वळतो, वेढा घालतो आणि पुढे लाकडासारखा टणक होतो. तार बारीक हवी, जाड खांबाला बिचाऱ्याची मिठी पुरत नाही. डार्विनने याच देठांवर काड्या घासून पाहिल्या, दोऱ्याचे हलके फास अडकवून पाहिले आणि ते कसे वळतात हे 1865 मध्ये वेलींवरच्या आपल्या निबंधात लिहिलं. त्यात मोंटानाही आहे. मीही कोवळा देठ एका बाजूने काडीने हळूच घासते आणि आपल्या कामाला लागते. काही तासांनी बघावं तर स्वारी त्या बाजूला झुकलेली असते. आमच्याकडच्या पाहुण्यांना मी हा प्रयोग दाखवते. ते सौजन्याने बघतात.

मोंटाना खरं तर आपल्याकडची, हिमालयातली. गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीमुळे ती 1831 मध्ये ब्रिटनला पोहोचली. जॅकमनाय मात्र पक्की सरे परगण्यातली. वोकिंगच्या जॅकमन यांच्या रोपवाटिकेत 1858 मध्ये संकर झाला, 1862 मध्ये जांभळं फूल दिसलं, आणि तेव्हापासून इंग्रजांच्या दारावरून ती काही उतरलेली नाही. या सगळ्या इतिहासावर आप्पांनी एकाच वाक्यात पाणी ओतलं. शरदात मी त्यांना फुलं गेल्यानंतरचे पिसांसारखे झुबके दाखवले. प्रत्येक बीला एक केसाळ शेपटी. "ही तर मोरवेल!" ते म्हणाले. "तुझ्या आईच्या माहेरी, कोयनंकडं, कुपाटीवर माजलेली असती. तिला कोन पानी घालतंय?" मोरवेल खरोखरच क्लेमॅटिसच्याच कुळातली. सह्याद्रीत पाऊस सरता सरता पांढरी फुलते आणि तिला कुणीही छाटणीचा गट दिलेला नाही.

सध्या प्रश्न आहे तो मोंटानाचा. ही वेल पंचवीस-तीस फूट सहज जाते, आणि ऊन जिकडे, तिकडे जाते. आमच्या कुंपणाला ऊन पलीकडून. त्यामुळे मे महिन्यात आमच्या बाजूला काड्या आणि शेजारच्या आजींच्या बाजूला गुलाबी फुलांचा सडा. त्या दर वर्षी आवर्जून आभार मानतात. इथल्या कायद्याप्रमाणे हद्दीवरून आलेल्या फांद्या त्यांना हद्दीपर्यंत कापता येतात, पण कापलेलं मालकाचं, म्हणजे माझं. खत, पाणी, मशागत माझी, फुलं त्यांची, आणि कचरा पुन्हा माझा.

हे ऐकल्यावर आप्पांना पहिल्यांदाच क्लेमॅटिसमध्ये खरा रस वाटला. व्यापाऱ्याला हाताने थांबवून त्यांनी विचारलं, "मग मोजणी मागवलीस का न्हाई?"